पडद्यावरचं कोरीट

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज सकाळी पावणेसातला नंदुरबारच्या पंपावर डिझेल भरलं, स्टेअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि निघण्याआधी रस्ता दाखवणाऱ्या पडद्यावर बोटाने ‘कोरीट’ लिहिलं. कोरीटचा रस्ता मला कोणी दाखवायची गरज नाही, एकोणपन्नास वर्षं त्याच रस्त्याने जातो-येतो. पण पडदा नवा आहे, हात बसायला हवा. रोहिणीने सुरतेहून पाठवला. दर शुक्रवारी मी मोतीबिंदूवाल्या बायकांना सुरतेच्या दवाखान्यात नेतो आणि शहरात शिरलो की चार जणांना विचारत पोचतो, हे लेकीला ठाऊक आहे. पडदा बसवायला समोर जागा नव्हती, म्हणून दत्ताचा फोटो थोडा बाजूला सरकवला.

गावाच्या अलीकडे, पाटाच्या चारीवरच्या पुलापाशी, करणसिंगच्या बैलगाडीला माझ्या गाडीचा धक्का लागला. तो ज्वारीचा चारा घेऊन चालला होता. मी ब्रेक दाबला, पण उशीर झाला. बैलगाडी चारीत कलली, जू मोडलं, एका बैलाचा पुढचा पाय मुरगळला. करणसिंगच्या खांद्याला मार बसला. देवाची कृपा, हाड शाबूत आहे.

माणसं जमली. “आप्पा, कसं व्हयनं?” सगळे मलाच विचारत होते. मी म्हणालो, “गाडी एकदम आडवी उनी.”

ती आडवी आलीच असावी. क्षणभर माझी नजर खाली गेली असेल, ती कोणाची जात नाही? अठ्ठावीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही, हे सगळा गाव जाणतो. करणसिंग काहीच बोलला नाही. बैलाच्या पायाशी बसून होता.

८ ऑक्टोबर, बुधवार

जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन करणसिंगच्या घरी गेलो. वीस-बावीस दिवस बैल जुंपायचा नाही, मग ठीक होईल, असं ते म्हणाले. नवं जू सुताराला सांगून आलो. करणसिंगची बायको कालीबाई हिने चहा ठेवला. मी नको म्हणत होतो.

करणसिंग म्हणाला, “मन्हीच चूक व्हई, आप्पा. मांगे लाल फडकं बांधं नव्हतं.”

भर उजेडात फडक्याचं काय काम? पण मी ते बोललो नाही. मी म्हणालो, “जाऊ दे, व्हस असं.” वर क्षमा करून आल्यासारखा घरी आलो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सुरत. सहा बायका, सगळ्या तपासणीच्या. धनुबाई माझ्या शेजारी पुढे बसते, मागे बसली की तिला उलटी होते. वय पंच्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र लखलखीत.

बारडोलीपर्यंत काही अडचण आली नाही. शहरात शिरल्यावर पडद्यातली बाई बोलू लागली, “तीनशे मीटरनंतर उजवीकडे वळा.” तीनशे मीटर म्हणजे किती? आपण रस्ता सांगताना कडुनिंब सांगतो, देऊळ सांगतो, जेवायचा हात सांगतो. मीटर ऐकला की मला पडद्याकडे बघावंच लागतं. निळी रेघ किती उरली ते बघितलं आणि वर पाहतो तर पुढ्यात स्कूटर! कचकन ब्रेक. मागच्या बायका एकमेकींवर आदळल्या.

धनुबाईने दोन्ही हातांनी समोरचा दांडा पकडला होता. म्हणाली, “का रे हेमकांत, डोया आम्हना खराब शेतस, आनि आंधयासारखा तू काब्र चालस?”

“रस्ता दखू ना, माय?”

“रस्ता बाहेर शे रे भो! घडी घडी खाले मान घालस, माले दिसत नई तरी कयस. तुन्हा आवाज खाले जास.”

मागे सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण दवाखाना येईपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

मंगळवारी मी इथे खोटं लिहिलं. वही मीच वाचतो, तरी लिहिलं.

खरं असं आहे. पडद्यावर गावांची नावं येतात. मी मंगळवारी आपल्या गावाचं नाव यायची वाट बघत होतो. चौथीत असताना गुरुजींनी भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा लावला होता. आम्ही पोरं रोज त्यावर कोरीट शोधायचो. नंदुरबार होतं, तापी होती, कोरीट नव्हतं. शेवटी गुरुजींनी पेन्सिलीने एक ठिपका काढला आणि म्हणाले, “हे घ्या तुमचं गाव.” परीक्षेच्या आधी साहेब येणार म्हणून तो ठिपका खोडला.

आणि आता कोरीट छापलेलं! पुलाच्या अलीकडे ती तीन अक्षरं वरून हळूहळू खाली सरकत आली, मी बघत राहिलो. करणसिंग त्याच्या बाजूने चालला होता. त्याची चूक नव्हती.

हे लिहून उठलो तोवर ऊस मुकादम रूपचंद दारात. कारखान्याचा हंगाम तोंडावर आला आहे, दोन तारखेला त्याची टोळी गाड्या घेऊन निघणार. अकरा वर्षं टोळीत करणसिंगची गाडी मोहरची असते, म्हणजे सगळ्यांच्या पुढे. तिच्या चालीवर मागच्या वीस गाड्या चालतात.

रूपचंद म्हणाला, “औंदा करणसिंगले घेत नई, आप्पा. सडकवर शंभर ट्रॅक्टर ऱ्हातस. दिवसना उजेडमा ज्यानी गाडी आडवी जास, त्याना मांगे मी वीस गाड्या कशा धाडू? तुम्ही होतात म्हनीसन वाचना तो.”

मी काय बोललो? “दख, तुन्हं तुले माहीत,” एवढंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बायकोला, प्रतिभाला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. ऐकून घेतलं आणि काड्या बाजूला करत म्हणाली, “माले पह्यल्या दिवशीच समजनं व्हतं.”

“कसं?”

“तुम्ही त्या दिवशी जेवताना तीनदा सांगं, गाडी आडवी उनी. खरं असतं ते एकदाच सांगतंत.”

मी विचारलं, आता काय करू? ती म्हणाली, “माले सांगीसन काय फायदा? मन्ही काय बैलगाडी शे? करणसिंगले सांगा, रूपचंदले सांगा.”

सांगेन. पण बायका मला आप्पा म्हणतात आणि डोळे मिटून बसतात. त्यांच्या सुना त्यांना कोणाबरोबर धाडतात, तर हेमकांत आप्पाबरोबर. हे कळल्यावर कोण धाडेल?

आधी निदान गाडी तरी नीट चालवतो. शुक्रवारी पडदा बंद ठेवायचा.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फजिती झाली. पडदा बंद ठेवून शहरात शिरलो आणि कापड बाजारात अडकलो. पुढे गाठोड्यांच्या हातगाड्या, मागे टेम्पो. विचारलं तर एक उजवीकडे दाखवी, दुसरा डावीकडे. दवाखान्यात पोचलो तेव्हा ऑपरेशनचे नंबर होऊन गेले होते. धनुबाईचं आज होणार होतं. आता एकतीस तारीख मिळाली, कारण मधला शुक्रवार दिवाळीचा.

मला वाटलं, आता म्हातारी फाडून खाईल. पण तसं झालं नाही. परतताना म्हणाली, “आज तुन्ही मान वर व्हती. उशीर व्हयना, चालस. पन तू रस्ता पाठ कर ना रे! शायमा पाढा पाठ करे ना?”

तेवढ्या एका वाक्याने मला बरं वाटलं. चुकलेल्या दिवशी असं वाटणं बरोबर नव्हे, पण वाटलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. रोहिणी आली आहे. मी तिला म्हटलं, पडदा रागाने बंद केलेला नाही. मग तिलाही पुलापाशी काय घडलं ते सांगितलं. तिला ते सांगणं प्रतिभाला सांगण्याहून जड गेलं, कारण वस्तू तिने दिलेली. ती माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “बाबा, मीच म्हणायला हवं होतं ना तुम्हाला, आधी घरी बघून घ्या म्हणून. मी नुसती वस्तू पाठवली.” सुरतेला गेल्यापासून ती अशीच पुस्तकी बोलते.

दुपारी ओट्यावर तिने तिचा मोबाईल उघडला आणि मी वही घेतली. धनुबाई समोरच राहते, काठी टेकत आलीच.

रोहिणी वाचत होती, “सर्कलनंतर दीडशे मीटर…”

“थांब,” धनुबाई म्हणाली, “मीटर ऱ्हाऊ दे, मन्ही माय. तठे खूण काय शे?”

रोहिणी आठवू लागली. दोन वर्षं ती त्याच भागात राहते. उड्डाणपूल, त्याच्यावर चढायचं नाही, खालून जायचं. मग तीन फाटे. मग पिवळं देऊळ. धनुबाई मान डोलवत होती. आणि एकदम, श्रावणात आम्ही कानबाई देवी बसवतो तेव्हा बायका गाणी म्हणतात त्या चालीवर, तिने सुरू केलं:

“नवापूरनी वेस वलांडी, सोनगढ उना वं माय,
मोठा पूल दिसना तरी, वर चढू नको वं माय,
तीन फाटा लागनात तठे, जेवाना हात धर वं माय,
पिवया देऊयना मांगे, दवाखानानं दार वं माय!”

रोहिणी टाळ्या वाजवायला लागली. प्रतिभा हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आली. धनुबाई आमच्याकडे बघून (म्हणजे आमच्या आवाजाकडे बघून) म्हणाली, “हसतंत काय? कानबाईनं गानं शंभर ओयीनं पाठ शे माले. ह्या त चारच!”

मधली वळणं राहिली होती. संध्याकाळपर्यंत ओळी अकरा झाल्या. एक प्रतिभाची आहे, पेट्रोलपंपाची. ती म्हणताना लाजते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

गाणं पाठ झालं. गाडी धुताना म्हणतो, पूजा करतानाही तोंडात येतं, मग देवाची क्षमा मागतो. स्टँडवरचे ड्रायव्हर चिडवतात, “आप्पा आते बायकास्मा नाचतीन!” नाचेन. मी एक नेम केला आहे. रस्ता घरी बघायचा, खुणा लिहायच्या, आणि चाक फिरलं की पडदा बंद. अगदीच चुकलो तर गाडी कडेला थांबवून बघायचं.

करणसिंगकडे गेलो होतो. बैल लंगडत नाही. त्याने तो मला अंगणात चालवून दाखवला, तेव्हा मला हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळलं नाही. सांगायलाच गेलो होतो. कालीबाई आत-बाहेर करत होती, शेजारचा एकजण येऊन बसला, आणि मी बैलाच्या खुराकावर बोलून परत आलो. घरी प्रतिभाने विचारलंसुद्धा नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आम्ही जिंकलो! असं लिहू नये, पण लिहितो.

पहाटे चारला निघालो. सात बायका. विसरवाडी अंधारातच मागे पडली. नवापूरला चहा झाला, सोनगढला धनुबाईने पहिली ओळ धरली. मागच्या सहा जणींनी दुसरी उचलली. त्यांनी ती कधी पाठ केली मला ठाऊक नाही. धनुबाईने दिवाळीभर घरोघर हिंडून शिकवली असणार.

शहर आलं. समोर मोठा पूल. माझी नजर पुढच्या बसवर, आरशावर, सायकलवाल्यावर, आणि गाडीत सात जणी: “वर चढू नको वं माय!” मी खालून घेतली. तीन फाटे आले आणि गाडीत एकच आवाज झाला, “जेवाना हात!” शेजारच्या रिक्षावाल्याने मान काढून बघितलं. एक बाई तर खरोखर उजवा हात वर करून बसली होती. त्यांच्यातल्या कोणालाही दहा हातांवरचं धड दिसत नाही. दिसत होतं फक्त मला, आणि मी सगळा वेळ फक्त रस्ता बघत होतो. अठ्ठावीस वर्षांत इतकी चांगली गाडी मी कधी चालवली नसेल. एक पोरगं चेंडूमागे धावत रस्त्यात आलं, ते मला घराच्या दारातून निघतानाच दिसलं होतं. गाडी त्याच्या कितीतरी अलीकडे थांबली. आईने येऊन त्याला उचललं. ब्रेक इतका हलका लागला की मागे गाणंसुद्धा तुटलं नाही.

पिवळं देऊळ. मागे दार. आठ वाजायला वीस मिनिटं कमी.

चौकीदार म्हणाला, “लग्नाची वरात आहे का?” धनुबाई उतरत म्हणाली, “हा रे भो, मन्हंच लगन शे. नवरा डाक्टर शे!”

दोघींची ऑपरेशनं झाली. संध्याकाळच्या आत डोळ्यावर पट्टी बांधलेल्या धनुबाईला तिच्या ओट्यावर आणून सोडलं. सुना, नातवंडं, शेजार, सगळे जमले. आप्पा, आप्पा. तिच्या सुनेने माझ्या पायाला हात लावला.

तेवढ्यात रूपचंद रस्त्याने चालला होता. मी विचारलं, यादी झाली का? म्हणाला, “उद्या सकायमा मारोतीना पारवर वाचनार. मोहरची गाडी जामसिंगनी.”

जामसिंग चांगला आहे. पण मोहरची गाडी करणसिंगची. सून पायाशी वाकली होती तेव्हा माझे पाय चारीच्या पुलावर होते. आज जे काही चांगलं झालं, ते मान वर ठेवल्यामुळे झालं. आणि गावात मी अजून मान खाली घालूनच हिंडतो आहे.

उद्या.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आंघोळ करून मारुतीला तेल घातलं. काही मागितलं नाही. पारावर रूपचंद वही घेऊन बसला होता, टोळीतली माणसं खाली उभी, त्यांच्या बायका, पोरं, स्टँडवरचे दोन ड्रायव्हर. करणसिंग कडेला, जायला निघालेल्यासारखा उभा होता. धनुबाई डोळ्याला पट्टी लावून खाटेवर. घरात बस म्हटलं तर ऐकते थोडंच.

रूपचंदने पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं तेव्हा मी म्हणालो, “थांब. माले बोलनं शे.”

“बोला ना, आप्पा. वर या.”

वर चढलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं गेलं. जे आलं ते असं: “चारीना पुलवर करणसिंगनी गाडी आडवी उनी नव्हती. तो त्याना बाजूले व्हता. मी पडदामा दखी ऱ्हायंतू. धक्का मीच दिन्हा. आनि खोटं मीच बोलनू.”

स्टँडवरचा एक ड्रायव्हर म्हणाला, “पन आप्पा, कोरीटना रस्तावर नकाशा कसाले? घर सापडत नव्हतं का?”

हशा पिकला. याच हशाला मी पंचवीस दिवस भीत होतो. आला, आणि मला काही झालं नाही. मी म्हणालो, “गावनं नाव दखाले. नाव कसं येस ते.” तेव्हा आणखी हसले. मलाही हसू आलं. हसताना डोळे पुसावे लागले.

रूपचंद हसला नाही. त्याने करणसिंगला विचारलं, “तू काब्र बोलना नई रे?”

करणसिंग खाली बघत म्हणाला, “माले माहीत व्हतं. आप्पानी मान खाले व्हती, मी वयीसन दखं व्हतं. पन आप्पानं बोलनं पडनं एकीकडे, मन्हं पडनं दुसरीकडे. कोन ऐकतं?” मग माझ्याकडे बघून, “त्या दिवशी डाक्टरले लई उनात, जू दिन्हं. मी म्हनं, सांगतीन. येक दिवस सांगतीन.”

पंचवीस दिवस तो माझी वाट बघत होता, हे मला ठाऊक नव्हतं.

खाटेवरून धनुबाई गरजली, “आते काय मुहूर्त दखस, रूपचंद? लिही ना नाव! आनि पुढला शुक्रवारी मी हेमकांतनाच गाडीमा बठसू, ज्याले हसनं शे त्यानी हसा.” तिच्यामागे उभी असलेली सूनही म्हणाली, “बसतीनच.”

जामसिंगच पुढे झाला. “मोहरले करणसिंगच पायजे,” तो म्हणाला, “मी दुसरा नंबरले बरा शे. त्याना बैलस्ना मांगे मन्हा बैल आपोआप चालतंत.”

रूपचंदने वही उघडली. पण पेन हातातच धरून तो म्हणाला, “तोंडी नको, आप्पा. कारखानामा बी बातमी गयी शे, करणसिंग बेफिकीर म्हनीसन. तठे माले दखाडनं पडी. तुम्ही लिही द्या.”

वही त्याने माझ्यासमोर धरली. मी पारावर मांडी घालून बसलो. यादीतल्या पहिल्या ओळीत जामसिंगचं नाव खोडून त्याने आधीच लिहिलं होतं: करणसिंग, मोहरची गाडी. त्याच्या खाली मी, गुरुजींनी शिकवलेल्या अक्षरात, सावकाश लिहिलं: ‘सात ऑक्टोबरला चारीच्या पुलावर झालेल्या अपघातात करणसिंग यांची काहीही चूक नव्हती. मी गाडी चालवताना पडद्याकडे पाहत होतो. चूक माझी.’ खाली पूर्ण नाव, गाव, तारीख.

मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं, वही रूपचंदच्या हातात दिली आणि पारावरून खाली उतरलो.